गाडीची उंची आणि इंजिनाचा श्वास : नवशिक्याच्या दोन प्रश्नांचा मागोवा

मोटारगाडीत हौसेने फेरफार करू पाहणाऱ्या भारतीय नवशिक्याने गेल्या चार दशकांत प्रामुख्याने दोनच प्रश्न विचारले : गाडी किती खाली घेता येईल, आणि एअर फिल्टर बदलल्याने इंजिनाची ताकद किती वाढेल. प्रश्न तेच राहिले, उत्तरे मात्र बदलत गेली, कारण ज्या गाडीविषयी ते विचारले जात होते ती गाडीच आतून बदलत होती. आणि जुन्या गाडीला लागू पडलेले उत्तर नव्या गाडीला लावल्याने जे नुकसान झाले, त्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचा मागचा भार पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचून बांधलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, असे. त्या काळच्या मालकाला पाटे बसतील आणि गाडी खाली येईल याचीच धास्ती होती. मुद्दाम खाली घेण्याचा विचार विरळाच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आणि १९९३ मध्ये झेन आली, तेव्हा चित्र पालटले. या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग आणि तिची उसळी शमवणारा शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात बसवलेले होते. खांब उतरवायचा, स्प्रिंगचा एखाद-दुसरा वेढा कापायचा आणि पुन्हा चढवायचा, हे काम गॅरेजात काही तासांत होऊ लागले, आणि पुढे २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्यूरियस’ हा चित्रपट आल्यावर खाली बसलेल्या गाडीची हौस कॉलेजच्या वयाच्या मुलांपर्यंत पोहोचली.

स्प्रिंग कापणे हा या सगळ्या काळातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक सल्ला होता. स्प्रिंगची ताठरता तिच्या काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा वेढ्यांपैकी दीड कापला, तर उरलेली स्प्रिंग सुमारे एक तृतीयांशाने ताठ होते, पण तिची उसळी आवरायला शॉकअ‍ॅब्सॉर्बर जुनाच राहतो, आणि त्यातील तेलाच्या झडपा मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी जुळवलेल्या असल्याने गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते. शिवाय कापलेले टोक वाटीत नीट बसत नाही, चाक खोल खड्ड्यात लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते, आणि वर जाणाऱ्या चाकाचा प्रवास इतका कमी उरतो की ते दर धक्क्याला बंप स्टॉपवर, म्हणजे अखेरचा आघात झेलणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. नवशिक्याला यातले काहीच सांगितले जात नसे. मागाहून खास आखूड स्प्रिंगांचे संच आले, जुळणाऱ्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरसह आले, आट्यांच्या नळीवर उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हरही आले, आणि प्रश्न निदान योग्य वळणावर लागला.

तरीही एक गोष्ट चांगल्या संचालाही टळत नाही. उंची कमी झाली की चाकांची ठेवण बदलते : त्यांचे माथे आत कलतात, पुढच्या टोकांची दिशाही ढळते, आणि अलाइनमेंट करून घेतले नाही तर टायरची आतली कड काही महिन्यांत गुळगुळीत होते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत आणखी एक गुंता आहे. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती वळणावर कलते, तो कलनकेंद्राचा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो, म्हणून फार खाली घेतलेली गाडी वळणावर कमी कलण्याऐवजी जास्त कलू पाहते, आणि तो कल रोखायला पुन्हा स्प्रिंग ताठ करावी लागते.

भारतात या हिशेबात गतिरोधक धरावाच लागतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. दोन आसांमध्ये २.४ मीटर अंतर असलेली छोटी गाडी त्यावर मधोमध आली, तर चारही चाके कमानीवरच असतात आणि माथा तळाकडे सुमारे ४ सेंटिमीटरच वर येतो, म्हणजे ४० मिलिमीटर खाली घेतलेली गाडीही सहज निघून जाते. गल्लीतला गतिरोधक मात्र हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. चाके दोन्ही बाजूंना उतरतात आणि सगळा उंचवटा पोटाखाली राहतो. पुस्तकी उत्तर बरोबर असूनही गाडीचा तळ घासतो, तो असा.

इंजिनाच्या श्वासाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. आठशे घनसेंटिमीटरचे चार फटक्यांचे इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर सुमारे २००० लिटर हवा ओढू शकते, आणि एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर मोकळा केला की मिश्रणात पेट्रोल कमी पडे, म्हणून जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, मोठे करावे लागे. जाणता मेकॅनिक ते कानाने आणि प्लगच्या रंगावरून जुळवी. १९९९-२००० मधील प्रदूषण-नियमांनंतर कार्ब्युरेटर मागे पडला, इंधन फवारणारी संगणकनियंत्रित यंत्रणा आली, आणि हवेचे मोजमाप संवेदक करू लागला. मिश्रण आपोआप सावरले जाऊ लागले, पण तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून जास्तीचे तेल उडून हवा मोजणाऱ्या तप्त तारेवर बसले, की मोजमापच चुके.

त्याहून मोठी चूक हवा कुठून घ्यायची याची होती. फिल्टरच्या मूळ डब्याची नळी बाहेरची गार हवा घेते. डबा काढून उघडा शंकूचा फिल्टर इंजिनाशेजारी लावला, तर तो तापलेली हवा ओढतो, आणि हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. आवाज मात्र भारदस्त होतो, आणि नवशिक्याला तो आवाजच ताकद वाटतो. यावर उपाय म्हणून फिल्टर बंपरमध्ये खाली नेण्याची पद्धत आली. पण २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा शहरात हवेचे तोंड गुडघ्याच्याही खाली नेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पाणी दाबले जात नाही, म्हणून ते सिलिंडरमध्ये गेले की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

२०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम स्पष्ट केले : उत्पादकाने मूळतः दिलेला, नोंदणी-प्रमाणपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारास ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. त्यामुळे पूर्वी कोणी न विचारलेला प्रश्न आता नवशिक्याला आधी विचारावा लागतो : हे नियमात बसते का, आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा व फिल्टरचा डबा पुन्हा बसवता येतील अशा स्थितीत घरी कसे जपावेत.