मालमोटारचालकांच्या कामाच्या तासांची नोंद : नंदुरबार जिल्ह्यातील महामार्गाच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला नंदुरबार जिल्हा गुजरात व मध्य प्रदेश या दोन राज्यांना लागून आहे. नागपूर–धुळे–सुरत महामार्ग या जिल्ह्यातील विसरवाडी व नवापूर येथून जातो. नागपूरहून सुरतेकडे निघालेली मालमोटार सुमारे ६०० कि.मी. अंतर कापून कोंडाईबारी घाटात येते व तेथून उताराला लागते. ताशी सरासरी ४० कि.मी. वेग धरला, तर तोपर्यंत प्रत्यक्ष वाहन चालविण्याचेच १५ तास होतात. एकच चालक विश्रांतीवाचून आला असल्यास त्याचा थकवा आणि ब्रेकची अवस्था या दोहोंची कसोटी याच उतारावर लागते.

कायदेशीर तरतुदी :
मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये कामाची मर्यादा दिवसास ८ व आठवड्यास ४८ तास होती. लांब पल्ल्याच्या मार्गावर ती अनुक्रमे १० व ५४ तासांपर्यंत वाढविता येत असे. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक होती. हा अधिनियम २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला. दिवसास ८ तासांचे तत्त्व संहितेतही आहे.

१९६१ चा अधिनियम पाच वा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने मात्र तासांची मर्यादा परिवहन वाहनाच्या प्रत्येक चालकास लागू केली. याच कलमानुसार मालकाने कामाचे तास आधी ठरवावेत, असे शासन सांगू शकते व ठरविलेल्या तासांच्या नोंदीची तरतूद करू शकते. येथेच मूळ उणीव आहे. ठरविलेले तास आणि प्रत्यक्ष चालविलेले तास या दोन भिन्न बाबी होत.

वाहनाची तपासणी :
योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण आठ वर्षांपर्यंतच्या वाहनास दोन वर्षांनी व त्यापेक्षा जुन्या वाहनास दरवर्षी करावे लागते. दोन तपासण्यांमधील काळात टायर, दिवे व ब्रेक पाहण्याचे काम चालक व क्लीनर यांच्याकडे असते. घाटापूर्वी ब्रेक पाहिले गेले किंवा नाही, हे प्रमाणपत्रावरून कळू शकत नाही.

तुलना :
अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून बहुतांश लांब पल्ल्याच्या मालमोटारींना इंजिनाशी जोडलेले नोंदयंत्र बंधनकारक झाले. तेथे १४ तासांच्या अवधीत ११ तास वाहन चालविण्याची मुभा असून ८ तासांच्या चालनानंतर ३० मिनिटांचा खंड घ्यावा लागतो. युरोपीय संघात हीच नोंद टॅकोग्राफ करतो व साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. दोन्हीकडे नोंद वाहनातच असल्याने ती रस्त्यावर तपासता येते.

निष्कर्ष :
प्रत्यक्ष तासांची नोंद वाहनात नसेल, तर जादा फेरी नाकारणाऱ्या चालकाच्या हाती पुरावा उरत नाही. अपघातानंतर त्याची चूक दिसते, पण त्यामागील तास दिसत नाहीत. निघण्याची वेळ, विश्रांती व ब्रेकची तपासणी यांची साधी वही वाहनात ठेवणे हा या दिशेने अल्पखर्चाचा प्रारंभ ठरू शकेल.