खुर्ची आडवी होण्यापूर्वी

दंतवैद्याच्या खुर्चीत रुग्ण आडवा झाला की त्याचे बोलणे बंद होते. तोंडात आरसा, कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी. अशा वेळी विचारलेल्या प्रश्नाला 'आं' यापलीकडे उत्तर येणार तरी कसे? त्यामुळे महत्त्वाचे सगळे बोलणे आधीच, मास्क खाली घेऊन आणि समोरासमोर बसून उरकावे लागते.

सुरुवात प्रश्नांपासून होते. 'काही आजार आहे का?' असे विचारले तर अनेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतात, कारण दाताचा आणि हृदयविकाराच्या गोळ्यांचा संबंध त्यांच्या लक्षात येत नाही. 'रोज कोणत्या गोळ्या घेता?' असे विचारले की रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, रक्तदाब सगळे बाहेर येते. तंबाखू आणि मिश्रीचे तसेच. सोबत सून बसलेली असताना आजी मिश्रीबद्दल बोलणार नाहीत. तो प्रश्न त्या एकट्या असताना, रागावल्याचा सूर न लावता विचारायला हवा.

भीतीवर सर्वांत चांगला उतारा म्हणजे पुढे काय होणार हे आधी कळणे. 'सांगा, दाखवा, मग करा' ही पद्धत दंतवैद्य अॅडलस्टन यांनी 1959 मध्ये लहान मुलांसाठी मांडली. छोटा फिरता ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा, मग दातावर. मोठ्यांनाही हीच पद्धत लागू पडते. भुलीच्या इंजेक्शनने वेदना जाते, पण दाब आणि ओढ जाणवतच राहते. दात काढण्यापूर्वी हे सांगितले नाही, तर रुग्णाला वाटते की भूल चढलीच नाही. डावा हात वर केला की काम थांबेल, असे ठरवून घ्यावे. मात्र हात वर होताच खरोखर थांबले पाहिजे, नाहीतर विश्वास कायमचा उडतो.

उपचाराची संमती म्हणजे नुसती सही नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगितले पाहिजेत. रूट कॅनालच्या बाबतीत याचा अर्थ असा: किती वेळा यावे लागेल, नंतर कॅप का बसवायची आणि तिच्यासह एकूण खर्च किती, हे पहिल्याच दिवशी सांगावे. वरचा दात काढला की नजर अधू होते, दात साफ केले की हलू लागतात, हे समज घरोघरी आहेत. त्यांना हसणारा डॉक्टर तो रुग्ण गमावतो. साचलेला टणक थर निघाल्यावर हिरड्यांच्या आजाराने आधीच सैल झालेला दात हलताना जाणवतो, एवढे आरशात दाखवले तरी पुरते.

दात काढल्यानंतरच्या सूचना लेखी द्याव्यात: कापूस अर्धा तास घट्ट दाबून धरणे, दिवसभर न थुंकणे, चूळ न भरणे, तंबाखू न खाणे. जबडा बधिर आणि मन धास्तावलेले असताना ऐकलेले लक्षात राहत नाही. 'घरी गेल्यावर काय कराल, सांगा बघू' असे विचारावे. आणि रुग्णानेही, समजले नसेल तर, खुर्चीतून उठण्यापूर्वी पुन्हा विचारावे.