काठीची मूठ : हाताला काय हवं असतं?

मंडळी, काठी घ्यायला गेलेला माणूस काय बघतो? लाकूड कुठलं, रंग कसा, किंमत किती. मूठ शेवटी बघतो, आणि तीही डोळ्यांनी. तिच्यावर भार टाकून बघणारे थोडेच. मग महिन्याभरात काठी दाराआड उभी राहते आणि घरचे म्हणतात, ‘आजोबांना काठीची लाज वाटते.’ लाज वाटतही असेल. पण पुष्कळदा तळहात दुखतो म्हणून काठी सुटलेली असते, आणि ते कुणी विचारत नाही. काठी सुटलेला माणूस मग न्हाणीघरात किंवा जिन्यावर पडतो. म्हणून आज आपण नुसत्या मुठीबद्दल बोलू.

आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा तिकडून जरा फिरून येऊ; सवय जात नाही. देकार्तने १६३७ साली प्रकाशावर निबंध छापला, त्यात आंधळ्या माणसाच्या काठीचं उदाहरण आहे : तो जणू काठीनं बघतो. पुढे मेर्लो-पोंतीने १९४५ च्या आपल्या ग्रंथात तेच उदाहरण घेतलं आणि म्हटलं, की सरावानंतर काठी ही त्या माणसासाठी वस्तू राहतच नाही. त्याचा स्पर्श काठीच्या टोकाशी जाऊन बसतो. आता हे आपल्या आधाराच्या काठीला लावून बघा. मूठ हाताला बरोबर बसली असेल तर आपलं लक्ष खाली, टोकाशी असतं. फरशी हलते आहे, ओली आहे, हे कळतं. मूठ टोचायला लागली की लक्ष टोकाकडून तळहाताकडे परत येतं, आणि उखडलेली फरशी तेवढ्यात निसटते.

आता मुठीकडे वळू. आधी एक भेद लक्षात घ्या : काठी धरणं वेगळं आणि काठीवर टेकणं वेगळं. धनगराची काठी उंच असते, तिला वेगळी मूठच नाही. तो ती बाजूनं मुठीत पकडतो. तिच्यावर अंगाचा भार नसतो, म्हणून चालतं. आपल्याला टेकायचं असतं. म्हणजे भार वरून खाली येणार आणि तळहात मध्ये दाबला जाणार.

छत्रीसारखी वाकडी मूठ आपल्याकडे सर्वांत ओळखीची. हाताला अडकवता येते, भाजी घेताना दोन्ही हात मोकळे. पण वरचा भाग गोल आणि अरुंद, त्यामुळे सगळा दाब एका पट्टीवर येतो. अधूनमधून आधार हवा असेल तर ती उत्तम. रोज तासभर टेकायचं असेल तर नको. गोल बोंडाची काठी दिसायला रुबाबदार, पण बोंड तळहाताच्या मधोमध रुततं. ती समारंभापुरती ठेवा.

टेकायला बरी ती आडवी, वरून सपाटशी मूठ. तळहात तिच्यावर पसरतो आणि भार वाटला जातो. तिच्यातही कडा बघा. तळहाताच्या मुळाशी, मनगटाजवळ, एक नस अरुंद बोगद्यातून जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची संवेदना तिच्यावर असते. मुठीची कड नेमकी तिथे दाबत असेल तर या बोटांना मुंग्या येतात. आपण म्हणतो ‘वय झालं’, आणि दोष असतो मुठीचा! बोटांचे सांधे आखडलेले असतील तर जाड मूठ घ्या. बारीक मुठीला जास्त आवळावं लागतं.

तळहाताच्या आकाराची मूठही मिळते, उजवी वेगळी, डावी वेगळी. फार आरामाची, पण हात बदलता येत नाही. आणि हात कुठला? दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूचा. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात, बरं का. चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातोच, त्याच लयीत काठी पडते आणि दुखऱ्या पायावरचा भार हलका होतो. सिनेमात बहुधा उलटं दाखवतात.

उंची चुकली तर चांगली मूठही दुखते. नेहमीची चप्पल किंवा बूट घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणीतरी मोजावं. मूठ तिथे यावी. टेकल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. लाकडी काठी एकदम कापू नका, थोडी थोडी कापा. खालचं रबरी टोपण धरून उंची मोजायची, हे सुताराला आधी सांगा.

दुकानात पाच मिनिटं तरी टेकून चाला, दुकानदार कितीही घाई करो. मग तळहात उघडून बघा : लाल रेघ कुठे उठली आहे? आपल्या हवेत घामाचंही बघावं लागतं. गुळगुळीत प्लॅस्टिक घामानं सटकतं, लाकूड किंवा रबर बरं. फोम मऊ असतो, पण घाम पितो आणि झिजतो.

आणि घरातली जुनी वाकडी काठी टाकून देऊ नका. दोरीवरचे कपडे ओढायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.