भिंतीची ओल : सल्ला कोणास व कसा विचारावा

श्रावण सरत आला कीं पुष्कळ घरांत एखादी तरी भिंत पोपडे टाकूं लागते. बैठकीच्या खोलींत येणारा पाहुणा नेमका त्याच भिंतीकडे तोंड करून बसतो, आणि मग गृहस्वामीच्या तोंडून ठरलेला प्रश्न निघतो : ‘हिला कोणता रंग लावावा?’ शेजारी एक नांव सांगतो, रंगाचा दुकानदार दुसरें सांगतो, आणि गवंडी ‘सगळा गिलावा काढून सिमेंटचा करूं’ म्हणून मोकळा होतो. तिघांचाही सल्ला कोठें ना कोठें बरोबर असेल. परंतु या भिंतीला तो लागू आहे कीं नाहीं, हें तिघांपैकीं एकानेंही पाहिलेलें नसतें. ताप आलेल्या मनुष्यानें वैद्याकडे जाऊन ‘कोणत्या रंगाची गोळी घेऊं?’ असें विचारावें, त्यांतलाच हा प्रकार. ओल हा रोग नव्हे, तें लक्षण आहे. विचारावयाचें तें हें, कीं पाणी येतें कोठून? आणि या प्रश्नाचें निम्में उत्तर घरांतील माणसांजवळच असतें, कारण ती भिंत बारा महिने पाहणारें दुसरें कोणी नसतें.

पाण्याच्या वाटा फार नाहींत. पाऊस बाहेरून झिरपतो, गच्चींतून उतरतो, नळ किंवा मोरी गळते, जमिनींतील ओल वर चढते, अथवा हवेंतील बाष्प थंड भिंतीवर साचतें. प्रत्येक वाटेची वेळ आणि जागा निराळी असते. मुंबईकडे व कोंकणांत पाऊस मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. तेव्हां त्या अंगाच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्याशीं, झड लागल्यावर एकदोन दिवसांनीं डाग उमटला आणि उघडीप होतांच फिका पडला, तर पाणी बाहेरून येत आहे असें समजावें. बाहेरच्या गिलाव्यास पडलेली चीर, छज्जाच्या खालच्या कडेची बुजलेली खांच, किंवा भिंतींत मूळ धरलेलें पिंपळाचें रोप, यांपैकीं कांहीं तरी तेथें सांपडतें. उलट, भर वैशाखांतही डाग तसाच ओला राहिला, तर पावसाला दोष देणें व्यर्थ आहे. तेथें नळ पहावा. रात्रीं घरांतील सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आंकडा टिपावा आणि सकाळीं पुन्हां पहावा. कोणीं थेंबही वापरला नसतां आंकडा पुढें सरकला असेल, तर नळ कोठें तरी भिंतींत वाहत आहे. मोरीची गळती याहून निराळी; ती स्नानाच्या वेळेनंतर वाढते. मोरींत रंगीत पाणी ओतून तोच रंग खालच्या छतावर उतरतो कीं काय हें पाहिलें, म्हणजे वरच्या व खालच्या बिऱ्हाडांतील वर्षानुवर्षांचा वाद एका दिवसांत मिटण्याचा संभव असतो. निदान वाद कशाविषयीं आहे तें तरी कळतें.

गच्चीची परीक्षा तींत पाणी कोंडून करतात. पन्हळीचें तोंड बंद करून इंचभर पाणी एक दिवस ठेवलें कीं खालीं डाग येतो कीं नाहीं तें दिसतें. मात्र इंचभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला सुमारें २५ किलो ओझें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद गच्चीवर तें २३० किलोंच्या वर जातें. जुन्या वाड्याच्या लांकडी तुळयांवरील माळवदावर हा प्रयोग करण्याचा सल्ला कोणीं दिला, तर तो नम्रपणें नाकारावा.

सर्वांत अधिक पैसा फुकट जातो तो जमिनींतून चढणाऱ्या ओलीवर. समईच्या वातींतून तेल जसें वर चढतें, तसेंच वीट, जांभा व चुना यांच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनींतील पाणी भिंतींत चढतें. तें बहुधा कमरेच्या उंचीच्या आसपास थांबतें; तेथवर चढलेलें पाणी भिंतीच्या पृष्ठावरून वाळत असतें. वाळतांना त्यांतील क्षार मागें राहतात. तोच पांढरा लोणा. नव्या बांधणींत जोत्याच्या माथ्यावर ओल अडविणारा थर घालतात. पुष्कळ जुन्या घरांत तो नसतो. तरीही तीं घरें टिकलीं याचें कारण चुना. भिजवून मुरविलेली, बैलाच्या घाणींत मळलेली, कोठें गूळ व हिरडा यांचें पाणी घातलेली ती चुनेगच्ची ओल पोटांत धरून ठेवीत नसे. बाहेर जाऊं देत असे. पोर्टलंड सिमेंटचा परवाना इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन यांनीं १८२४ सालीं घेतला, आणि हिंदुस्थानांत तें यशस्वी रीतीनें निघूं लागलें तें १९१४ सालीं पोरबंदर येथें. त्याआधींच्या भिंतीला सिमेंटचा घट्ट गिलावा चढविला, कीं ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते. पाणी मग आणखी वर चढतें, किंवा दुसऱ्या खोलींत निघतें. पहिलें वर्षभर भिंत सुरेख दिसते, गवंड्याची वाहवा होते. दुसऱ्या पावसाळ्यांत पोपडे हातभर वर सरकलेले असतात. यांत सिमेंटचा दोष नाहीं. तें चुकीच्या भिंतीवर बसविलें गेलें, इतकेंच.

अशा घरीं सल्ला विचारतांना आधीं बाहेर जाऊन जोत्याकडे पहावें. अंगणांत दर वेळीं जुन्या फरशीवर नवी फरशी बसवून, किंवा भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा करून, माती जोत्याच्या वर आलेली पुष्कळदां दिसते. ती काढून पाण्यास दूर उतार दिला, तर अर्धें काम कुदळीनेंच होतें, आणि हा सल्ला कोणताही दुकानदार देणार नाहीं. लोणा लागलेला गिलावा मात्र खरवडून भागत नाहीं. त्यांतील कांहीं क्षार पावसाळी हवेंतील दमट ओढून घेतात, म्हणून पाण्याची वाट बंद झाल्यावरही भिंत ओलावते. तेवढा गिलावा काढून तेथें चुन्याचाच नवा करावा लागतो.

हवेंतील बाष्पाचा प्रकार शेजारच्या खोलींत वातानुकूलन यंत्र असल्यास किंवा कपाटाच्या मागें आढळतो. चांदीसारख्या चकचकीत कागदाचा वीतभर तुकडा चारी कडा चिकटवून भिंतीवर एकदोन दिवस ठेवावा. बाहेरच्या अंगाला दंव धरलें तर पाणी हवेंतलें. भिंतीकडचें अंग भिजलें तर भिंतींतलें. पहिल्या प्रकाराला खिडकी उघडणें हाच पुष्कळदां पुरेसा उपाय होतो.

ही सगळी माहिती वहींत तारखेनिशीं लिहून ठेवावी. डागाच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढून तीवर दिवस घालावा; फोननें छायाचित्रें घ्यावींत. मग जाणत्यास बोलवावें आणि उपाय न विचारतां कारण विचारावें. भिंतीवर बोटांनीं टकटक करून पोकळ आवाज कोठें येतो हें न ऐकतां, बाहेरची बाजू न पाहतां, जो दरवाजांतूनच दर सांगतो, त्याचा चहा करावा आणि त्यास निरोप द्यावा. दोघांतिघांचें मत घेतांना प्रत्येकास तेच प्रश्न घालावेत : पाणी कोठून येतें असें आपणांस वाटतें, तें कशावरून, काय काय उकलावें लागेल, कोणता माल वापरणार, आणि गिलाव्यावर पाणी किती दिवस मारणार? सिमेंटच्या गिलाव्यास निदान सात दिवस ओलें ठेवावें लागतें. ‘दोन दिवसांत रंगासकट काम’ म्हणणारा कारागीर त्यांतले पांच दिवस कोठून आणणार? हमी देत असेल तर ती कशाची, रंगाची कीं कोरड्या भिंतीची, हें कागदावर घ्यावें. माल विकणाऱ्यानें दिलेला सल्ला टाकाऊ असतो असें नाहीं, पण तो त्याच्या दुकानांत असलेल्या मालापुरता असतो.

एक प्रसंग मात्र असा आहे कीं तेथें गवंडी, नळवाला आणि शेजारी या सर्वांस थांबवावें. छतावर किंवा खांबावर सळईच्या रेषेनें चीर पडली, तांबूस डाग उतरला, सिमेंटचे ढलपे पडून लोखंड उघडें झालें, तर आंतील सळई गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा घेतो आणि काँक्रीट आंतून फोडतो. त्यावर नुसता गिलावा थापणें म्हणजे जखम न धुतां पट्टी बांधणें. येथें इमारतीच्या बळकटीचें गणित जाणणारा अभियंताच बोलवावा. चीर जिवंत आहे कीं मेलेली, हें पाहण्यास तिच्यावर कांचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट बसवितात; पट्टी तडकली तर इमारत अजून हलत आहे. घर वाढविण्याच्या हौसेनें भिंत किंवा खांब काढतांनाही हाच नियम. २०१७ सालच्या जुलै महिन्यांत घाटकोपर येथें चार मजली इमारत कोसळून १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. तळमजल्यावरील फेरफारांत तिच्या आधारास धक्का लावल्याचा आरोप त्या वेळीं झाला. मुंबईंत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी करून घेण्याचें बंधन महापालिकेच्या कायद्यांतच आहे. त्या तपासणीचा अहवाल आपल्या गृहसंस्थेकडे मागून वाचावा. तो कपाटांत ठेवण्यासाठीं केलेला नसतो.

राहिला रंग. कारण सांपडून तें दूर झाल्यावरही जाड भिंत वाळण्यास महिने लागतात. बाहेरचें काम फाल्गुन-चैत्रांत उरकून भिंतीला उन्हाळा पूर्ण खाऊं द्यावा, आंतून तोंवर साधा चुना फासावा, आणि पुढचा पावसाळा कोरडा गेला म्हणजे दुकानांत जाऊन, प्रथम विचारलेला तो प्रश्न विचारावा.