सुपुत्रांचा तालुका

दापोलीकडच्या शाळांमधल्या वक्तृत्व स्पर्धेत ‘पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ झालं, की पाठोपाठ एक वाक्य बहुधा येतंच : आमच्या या लाल मातीने देशाला तीन भारतरत्नं दिली. महर्षी धोंडो केशव कर्वे (१९५८), महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे (१९६३) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१९९०, मरणोत्तर). हिशेब काटेकोर लावायचा तर थोडी ओढाताण होते. कर्वे जन्मले आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आणि वाढले मुरूडला. काणे यांचा जन्म चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा, शाळा मात्र दापोलीची. बाबासाहेब जन्मले महूला. त्यांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात. पण गौरवाच्या बाबतीत तालुक्याच्या हद्दी कोण बघतो? शिवाय लोकमान्य टिळकांचं मूळ गाव चिखलगाव, साने गुरुजींचं पालगड, रँग्लर र. पु. परांजपे यांचं आंजर्ल्याजवळचं मुर्डी, ही सगळी दापोलीतलीच.

एवढी माणसं इथेच का निपजली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : मातीचा गुण. मातीचा गुण खराच, पण उलटा. ही माती माणसाला पोसत नव्हती. कातळावर पातळ थर, पावसाळ्यात भात नि नाचणी, पुढे आठ महिने आभाळाकडे बघणं. त्यात खोती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला खोत उत्पन्नातला मोठा वाटा उचलायचा. घरातला एखादा मुलगा मुंबईला पोचला आणि महिन्याला मनीऑर्डर येऊ लागली, तरच चूल नीट पेटायची. शिकणं ही इथे हौस नव्हती. बाहेर पडण्याची ती वाट होती.

ही वाट दापोलीतून जात होती, त्यालाही कारण आहे. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथे छावणी केली. जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ती त्यामुळेच. छावणी गेली, पण हवा चांगली म्हणून पेन्शनर शिपाई इथे राहिले. त्यांत मुंबई लष्करातले महार सैनिक बरेच होते. लष्करात शिपायांच्या मुलांना शाळा होती, त्यामुळे गावाने ज्यांना पाटीला हात लावू दिला नसता, त्यांच्या घरी वाचणं-लिहिणं पोचलं. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही काळ ते दापोलीत राहिले. त्यांच्याआधी गोपाळबाबा वलंगकर इथे स्थायिक झाले होते. तेही पेन्शनर. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली, आणि महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे दाद मागण्यासाठी अर्ज तयार केला. वलंगकरांचं नाव शाळेतल्या भाषणात क्वचितच येतं. भारतरत्नांच्या यादीत ते बसत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण पुढे येईलच.

तिसरी गोष्ट मिशनच्या इंग्रजी शाळेची. काणे तिथे शिकले. पुढे पालगडचा पांडुरंग सदाशिव साने तिथेच शिकला. पैशाअभावी दापोली सोडून त्याला औंधला जावं लागलं. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे हजारो पानांचे खंड लिहिणारा पंडित आणि पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेला गुरुजी, दोघेही पाद्र्यांच्या शाळेतले. वक्तृत्व स्पर्धेत हे सांगायला काहीच हरकत नाही, पण सांगत नाहीत.

आता कर्वे. (मुरूड म्हणजे दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे.) भाषणातला कर्व्यांचा आवडता प्रसंग म्हणजे साताऱ्याची पायपीट. परीक्षेला बसायचं म्हणून पोरगेला धोंडो सोबत्यांबरोबर सह्याद्री चढून, चार दिवसांत शंभरावर मैल तुडवून साताऱ्याला पोचला. साहेबाने त्याच्या चणीकडे पाहिलं आणि सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून परत पाठवलं. दाखला हातात होता, तरीही. प्रसंग खरा आहे, कर्व्यांनीच आत्मवृत्तात सांगितलेला. मुलं तो जीव ओतून सांगतात, टाळ्याही पडतात. कारण या गोष्टीत खलनायक साताऱ्याचा आहे, गावचा नाही.

दुसरा प्रसंग १८९३ चा. पहिली पत्नी राधाबाई वारल्यावर कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी पुण्यात पुनर्विवाह केला. पुढे ते पत्नीला घेऊन मुरूडला आले, तेव्हा गावाने बैठक बसवली आणि त्यांना वाळीत टाकलं. घरच्यांनी थारा दिला, तर घरच्यांवरही बहिष्कार. म्हणजे आई एका गावात, मुलगा त्याच गावात, आणि पंक्ती वेगळ्या. हा तोच मुलगा, ज्याने मुंबईत असताना गावच्या कामांसाठी ‘मुरूड फंड’ उभा केला होता. गोदूबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात आपली बाजू लिहून ठेवली आहे. महर्षींच्या संसारात घर चालवायला काय करावं लागलं, ते त्यांच्याकडून ऐकावं. कर्वे पगारातलं होतं-नव्हतं ते विधवांसाठी काढलेल्या आपल्या आश्रमाला देत. पिठाचा डबा बायांना बघावा लागे.

आज मुरूडमध्ये कर्व्यांचं स्मारक आहे, आणि ते असायलाच हवं. गाव बदललं, ही काही कमी गोष्ट नाही. पण स्मारकं आणि कमानी गावाला ‘सुपुत्र’ देतात, बैठकीचा ठराव देत नाहीत. मोठ्या माणसाचं मोठेपण कशाशी झगडून आलं, ते वगळलं तर उरतो फक्त हार घातलेला फोटो. वलंगकर भाषणात बसत नाहीत ते याचसाठी : त्यांच्याबद्दल बोलायचं म्हणजे त्या वेळच्या गावाबद्दल बोलणं आलं. आंबेडकरांचंही तेच. आंबडव्याला १४ एप्रिलला गर्दी लोटते, पण त्यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, म्हणजे थेट आपल्याच मुलखातल्या वतनदारीला हात घातला, हे शाळेतल्या किती भाषणांत असतं? कायद्याने खोती गेली ती १९४९ नंतर.

आणि या यादीत कायम मागच्या बाकावर बसवलेला एक जण आहे : महर्षींचा मुलगा रघुनाथ धोंडो कर्वे. जन्म मुरूडचाच, १८८२ चा. गणिताचा प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. पुढे याच कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी जवळजवळ एकहाती चालवलं. लैंगिक प्रश्नांवर लोक निनावी पत्रं पाठवायचे, रघुनाथराव त्यांना रोखठोक, शास्त्रीय उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर होते डॉ. आंबेडकर. मुरूडचा आरोपी, आंबडव्याचा वकील! दापोली-मंडणगडला अभिमान मिरवायचा असेल तर मुंबईच्या कोर्टातल्या या प्रसंगाइतका दुसरा मिळायचा नाही. खटला मात्र हरले आणि दंड भरावा लागला.

रघुनाथरावांनी मासिक शेवटपर्यंत सोडलं नाही. १९५३ च्या ऑक्टोबरात ते वारले, तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. पाच वर्षांनी, महर्षींच्या शताब्दीला, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं; स्वतंत्र भारतात हयात माणसाचा चेहरा तिकिटावर येण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी भारतरत्नही मिळालं. मुलाची आठवण निघायला मात्र २००१ मधला अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट यावा लागला.