फ्लॅशला हवा मजबूत कंस!

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी आम्हाला थर्ड लँग्वेज होतं, तेही मार्कांपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको!

विषय मात्र माझ्या हातातला आहे, म्हणजे अक्षरशः हातातून पडलेला. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी ब्रॅकेट कसा निवडायचा? घरी फोनवर आईला म्हटलं, "फ्लॅशसाठी ब्रॅकेट घ्यायचाय, थोडे पैसे पाठव." आई म्हणाली, "मराठीत सांग, म्हणजे कळेल." गणितात ब्रॅकेटला कंस म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, "कंस घ्यायचाय." त्यावर ती म्हणाली, "एक कंस होऊन गेला, तो पुरे झाला!" पैसे मात्र पाठवले. त्या पैशांचं काय झालं, ते आता सांगते.

गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी रिटायर झाल्या. आमच्या सीनियर्सच्या सीनियर्सनाही त्यांनीच पोळ्या वाढल्या होत्या. सेंड-ऑफच्या आदल्या दिवशी त्या सहज बोलून गेल्या, "आधार कार्डावरचा सोडला तर माझा एकटीचा फोटोच नाही गं. एक चांगला काढ, भिंतीवर लावते." फोटोग्राफी क्लबचा डीएसएलआर आणि मोठा फ्लॅश माझ्या ताब्यात होता. शिवाय नवाकोरा ब्रॅकेट! दिसायला झकास, काळा रंग, मऊ फोमचं हँडल, किंमत कमी. आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी मेसमध्ये ही गर्दी. उभे फोटो काढायचे म्हणून मी कॅमेरा सारखा आडवा-उभा करत होते. फ्लॅश ब्रॅकेटच्या टोकावर झोके घेत होता. पंधरा-वीस फोटो झाले आणि खालचा स्क्रू सैल होऊन कॅमेरा गर्रकन फिरला. मी तो धरायला गेले, झटका बसला, फ्लॅश धरणारा प्लॅस्टिकचा शू तडकला आणि फ्लॅश आधी टेबलावर, मग फरशीवर. त्याचा पाय तुटला. उरलेले सगळे फोटो, मावशींचा एकटीचा धरून, कॅमेऱ्यातल्या छोट्या फ्लॅशवर काढले.

आठवड्याने प्रिंट्स दाखवल्या. मावशींनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "पोरी, माझ्या शेजारी हे कोण उभं आहे गं?" ती त्यांचीच सावली होती. भिंतीवर, अगदी खांद्याला खांदा लावून. डोळे तर लालभडक. सगळ्या हसल्या, मावशीही हसल्या. मला मात्र हसू येईना.

हे असं का होतं?

लाल डोळ्यांचं कारण साधं आहे. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असेल, तर प्रकाश बाहुलीतून आत जातो, डोळ्याच्या मागच्या पडद्याजवळच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन आल्या वाटेने परततो आणि थेट लेन्समध्ये शिरतो. फ्लॅश लेन्सपासून दूर नेला की परतणारा प्रकाश लेन्सला चुकतो.

सावलीचंही तसंच. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असतो. आडव्या फोटोत तो लेन्सच्या वर, म्हणून सावली माणसाच्या मागे खाली पडते आणि बरीचशी झाकली जाते. कॅमेरा उभा केला की तोच फ्लॅश लेन्सच्या बाजूला येतो आणि सावली दुसऱ्या बाजूने डोकावते. ब्रॅकेटचं खरं काम एकच : कॅमेरा आडवा असो की उभा, फ्लॅश लेन्सच्या वर आणि थोडा लांब ठेवायचा.

एक गैरसमज इथेच दूर करते. ब्रॅकेटमुळे प्रकाश मऊ होत नाही. फ्लॅशचं तोंड जेवढं होतं तेवढंच राहतं. सावली नाहीशी होत नाही, फक्त माणसाच्या मागे लपते. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल, तर फ्लॅश छताकडे वळवून उसळता प्रकाश घेणं जास्त चांगलं, तिथे ब्रॅकेटची गरजच नाही. पण आमच्या मेसचं छत पत्र्याचं आणि उंच. लग्नाच्या मांडवात तर छत लाल-पिवळ्या कापडाचं, तिथून उसळलेला प्रकाश नवरीला हळदीनंतर पुन्हा पिवळी करतो. अशा ठिकाणी ब्रॅकेट कामाचा.

ब्रॅकेटचे प्रकार

पहिला, साधा एल आकाराचा. कॅमेऱ्याखाली आडवी पट्टी आणि बाजूला उभा हात, त्यावर फ्लॅश. स्वस्त आणि सुटसुटीत. कॅमेरा योग्य बाजूला वळवला तर उभ्या फोटोत फ्लॅश बरोबर वर येतो. आडव्या फोटोत मात्र तो बाजूलाच राहतो.

दुसरा, फ्लॅश फिरवणारा. हाताला सांधा असतो. कॅमेरा उभा केला की सांध्यातून फ्लॅश ९० अंश वळवून पुन्हा लेन्सच्या वर आणायचा. स्ट्रोबोफ्रेमचे असे ब्रॅकेट प्रसिद्ध आहेत.

तिसरा, कॅमेरा फिरवणारा. इथे फ्लॅश जागेवर राहतो आणि चौकटीत कॅमेराच फिरतो. फोटो छान येतात, पण वस्तू मोठी, जड आणि महाग. हॉस्टेलवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

जाता जाता एक गंमत. जुन्या काळी प्रेस फोटोग्राफरांच्या मोठ्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याला बाजूने फ्लॅशची धातूची दांडी जोडलेली असे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूक स्कायवॉकरच्या हातात जी लाइटसेबरची मूठ आहे, ती अशाच ग्राफ्लेक्स फ्लॅशच्या दांडीपासून बनवलेली होती. म्हणजे आपला विषय अगदीच काही रुक्ष नाही!

मामांचं पोस्टमॉर्टेम

मोडका ब्रॅकेट घेऊन मी वर्कशॉपमध्ये मामांकडे गेले. (कंसाची चौकशी मामांकडेच करायची, दुसरं कोणाकडे?) मामांनी तो हातात घेतला, दोन बोटांनी दाबला आणि म्हणाले, "बाळा, ही पट्टी नाही, हा पत्रा आहे. वरून रंग फासलाय." मग म्हणाले, "तुम्हाला शिकवतात ना ते कँटिलिव्हर? मग दुकानात ते कुठे जातं?"

मी गप्प. खरंच, एस.ओ.एम.च्या पेपरात दहा मार्कांना येणारं गणित विकत घेताना आठवलं नव्हतं. आता करून बघू. मोठा फ्लॅश बॅटऱ्यांशिवाय साधारण ४०० ग्रॅम, चार सेल साधारण १२० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या वर. बल ५ न्यूटन धरा. कॅमेरा उभा केला की ब्रॅकेटचा हात आडवा होतो, म्हणजेच कँटिलिव्हर. त्याची लांबी २० सेंटिमीटर धरू. पट्टी ॲल्युमिनियमची, रुंदी २५ मिलिमीटर.

जाडी ३ मिलिमीटर असेल तर टोक साधारण ३.४ मिलिमीटर वाकतं. जाडी ६ केली तर ०.४ मिलिमीटर. जाडी दुप्पट, वाकणं आठपट कमी, कारण सूत्रात जाडीचा घन आहे. ३.४ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण प्रत्येक पावलाला, प्रत्येक वळवण्याला तो हात हलतो आणि हलून हलून खालचा स्क्रू सैल होतो.

"मग स्टीलचा घेऊ का?" मी विचारलं. मामा म्हणाले, "वजन कोण उचलणार?" हेही गणित करून पाहिलं. स्टील ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट ताठ, पण वजनालाही जवळजवळ तिप्पट. त्याच वजनात, त्याच रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी जवळजवळ तिप्पट जाड मिळते आणि ती वाकायला स्टीलच्या पट्टीपेक्षा आठपटीहून जास्त ताठ ठरते. म्हणून चांगले ब्रॅकेट जाड ॲल्युमिनियमचे असतात. जड म्हणजे मजबूत, हा आपला समज किराणा दुकानापुरता ठीक आहे.

पण मामांच्या मते खरा गुन्हेगार दुसराच होता. कॅमेरा फक्त एका स्क्रूवर बसला होता. हँडल धरून कॅमेरा उभा केला की लेन्सचं वजन पुढे येतं. कॅमेरा आणि लेन्स मिळून एक किलो आणि वजनाचा मध्य स्क्रूच्या ५ सेंटिमीटर पुढे धरला, तर जवळजवळ अर्धा न्यूटन-मीटर टॉर्क कॅमेऱ्याला स्क्रूभोवती फिरवू पाहतो. मामांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय : "एका बोल्टवर वस्तू फिरते, दोन ठिकाणी धरली की थांबते."

घेताना काय बघाल?

१) जाडी आणि पीळ. दोन्ही टोकं हातात धरून वाकवून आणि पिळून बघा. हाताला कळेल एवढं हललं तर ठेवून द्या. रंग आणि फोमला भुलू नका.

२) कॅमेऱ्याला अडवणारा काठ. पट्टीच्या मागच्या बाजूला उभा काठ हवा, म्हणजे कॅमेरा फिरायला गेला तरी काठाला टेकून थांबतो. खाली रबर किंवा कॉर्क असावा. सगळ्यात जास्त महत्त्व मी याला देईन.

३) स्क्रू. कॅमेऱ्याखालचं भोक पाव इंचाचं असतं, इंचाला २० आटे. स्क्रू हरवला म्हणून एम-६ बोल्ट लावू नका. तो ६ मिलिमीटरचा, आटे १ मिलिमीटरवर. कॅमेऱ्याचे आटे १.२७ मिलिमीटरवर. सुरुवातीला जातो, मग अडकतो आणि कॅमेऱ्याचे आटे खातो. स्क्रू जास्त लांबही नको, भोक उथळ असतं.

४) शू. प्लॅस्टिकचा नको, हे मी फ्लॅशचा पाय देऊन शिकले. धातूचा घ्या, पण फ्लॅशच्या खालचे कॉन्टॅक्ट उघड्या धातूला टेकत नाहीत ना ते बघा, नाहीतर शॉर्ट होतात. इन्सुलेशन टेपचा तुकडा पुरतो.

५) सांधा. फिरणारा ब्रॅकेट असेल तर दोन्ही टोकांना 'टक्' करून थांबला पाहिजे. सांधा नवा असतानाच लुळा असेल, तर सहा महिन्यांनी काय होईल?

६) दारं. ब्रॅकेट लावल्यावर बॅटरीचं आणि कार्डाचं झाकण उघडतं का? ट्रायपॉडसाठी खाली भोक आहे का? दुकानात स्वतःचा कॅमेरा लावूनच बघा.

७) जोडणी. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरला की त्याचा संपर्क तुटतो. त्यासाठी टीटीएल कॉर्ड किंवा रेडिओ ट्रिगर लागतो. गोडॉक्सच्या टीटी६०० सारख्या फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच असतो, पण कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर लागतोच. हा खर्च आधीच धरा.

८) सुतळी! हसू नका. फ्लॅशपासून कॅमेऱ्याच्या पट्ट्यापर्यंत नायलॉनच्या दोरीचा एक फास. सगळं फसलं तरी फ्लॅश फरशीपर्यंत पोचत नाही.

मोबाईलवाल्यांनी, मला काय त्याचं, असं म्हणून पान उलटू नये. मोबाईलच्या फ्रेमला एलईडी लाइट लावता, तिथेही बहुतेक वेळा हाच पाव इंची स्क्रू असतो आणि तोही असाच फिरतो.

शेवटी काय झालं?

फ्लॅशच्या दुरुस्तीचे पैसे मी भरले, दोन महिने बाहेरचं खाणं बंद. ब्रॅकेट मात्र विकत घेतला नाही, वर्कशॉपमध्येच बनवला. ६ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, कोपऱ्यात अँगल, प्रत्येक बाजूला दोन-दोन बोल्ट, मागे काठ, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर. कानस मारून हाताला फोड आले. रंग दिलेला नाही, दिसतो ओबडधोबड. पण पिळून बघा, हलत नाही.

मावशी पीएफच्या कागदांसाठी कॉलेजला आल्या, तेव्हा त्यांना मेसच्या दारात थांबवलं. भिंतीपासून दीड मीटर पुढे उभं केलं, कॅमेरा उभा धरला, फ्लॅश वर. तीन फोटो. त्यातला एक मोठा करून फ्रेम केला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, आधी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे. म्हणाल्या, "हं. आता शेजारी कोणी नाही." आणि लगेच खिळा शोधायला उठल्या.

ब्रॅकेट आता फोटोग्राफी क्लबच्या कपाटात आहे. रजिस्टरमध्ये सही करून कोणीही न्या. फक्त परत देताना स्क्रू आठवणीने लावून द्या, आणि सुतळी सोडू नका!

— टी.ई. मेकॅनिकल