तालुक्यापासून गावापर्यंत

२७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारत संचार निगमाच्या पुनरुज्जीवनासाठी १ लाख ६४ हजार कोटी रुपयांची जी तजवीज मंजूर केली, तिच्या वार्ता वाचताना सर्वांचे लक्ष साहजिकच त्या प्रचंड आकड्याकडे वेधले गेले. परंतु त्याच ठरावात एक असे कलम होते की ज्याचा संबंध दिल्लीच्या खजिन्यापेक्षा खेड्यातील ग्रामपंचायतीच्या कचेरीशी अधिक जवळचा आहे. भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड, म्हणजे बीबीएनएल, ही सरकारी मालकीची कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करावी, असे ते कलम. दोन सरकारी कंपन्यांची एक कंपनी झाली म्हणून सामान्य माणसाच्या जीवनात काय फरक पडावा, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

शहरात एका इमारतीपर्यंत केबल नेली की पन्नास ग्राहक मिळतात. डोंगराळ तालुक्यात तीच केबल दहा किलोमीटर खणत नेली तरी पाच ग्राहक मिळतील याची शाश्वती नसते. नफ्यावर चालणारी कंपनी अशा ठिकाणी जात नाही, आणि न जाण्यात तिचा हिशेब चुकतो असेही म्हणता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २००२ पासून सर्व दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत वसूल होऊ लागली. शहरातील ग्राहकाच्या देयकातील एक अंश दुर्गम गावाच्या संपर्कासाठी राखून ठेवण्याची ही व्यवस्था मला नेहमीच न्याय्य वाटत आली आहे. मात्र निधी गोळा करणे आणि त्यातून प्रत्यक्ष तार जमिनीखाली पुरणे यांत जे अंतर असते, ते पुढील दहा वर्षांत देशाने पुरेपूर अनुभवले.

ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी बीबीएनएल ही स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. पुढे हीच योजना ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुदत होती दोन वर्षांची. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा गाठण्यास डिसेंबर २०१७ उजाडले. याची कारणे अनेक आहेत, पण मूळ दोष रचनेतच होता असे माझे मत आहे. नव्या कंपनीजवळ निधी आला, अधिकार आला, परंतु तारा टाकणारी व सांभाळणारी स्वतःची माणसे नव्हती. काम प्रत्यक्षात बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या तीन सरकारी उपक्रमांनी करावयाचे; त्यातही तालुक्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत बीएसएनएलचीच जुनी केबल वापरावयाची आणि जेथे ती संपेल तेथून पुढे ग्रामपंचायतीपर्यंत नवी जोडावयाची. म्हणजे एकाच मार्गाचा पूर्वार्ध एका कंपनीचा, उत्तरार्ध दुसरीचा. सेवा बंद पडली की बिघाड कोणाच्या हद्दीत आहे याचाच निवाडा आधी व्हावयाचा, आणि तो होईपर्यंत ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचे यंत्र मुकाट्याने धूळ खात राहावयाचे.

त्यात पहिल्या टप्प्यातील जाळ्याची मांडणी सरळ रेषेची होती. पाटाच्या पाण्याचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला यातील धोका समजावून सांगण्याची गरज नाही: वरच्या अंगाला पाट फुटला की शेपटाकडची सारी शेते कोरडी पडतात. तालुक्याहून निघालेली केबल रस्ता रुंदीकरणात, नळयोजनेच्या खोदाईत किंवा जेसीबीच्या एका फटक्यात तुटली की त्या जागेच्या पलीकडची सर्व गावे एकदम अंधारात जात. आणि जेथे केबल शाबूत असे, तेथे विजेच्या लपंडावाने यंत्र बंद पडे. सरकारदरबारी मात्र असे गाव ‘जोडलेले’ म्हणूनच नोंदलेले राही.

विलीनीकरणाचा खरा अर्थ या पार्श्वभूमीवर ध्यानात येतो. बीएसएनएलजवळ ६ लाख ८० हजार किलोमीटरहून अधिक लांबीची फायबर केबल होती. सार्वत्रिक सेवेच्या निधीतून १ लाख ८५ हजार ग्रामपंचायतींत टाकलेली आणखी ५ लाख ६७ हजार किलोमीटर केबल या निर्णयाने तिच्याकडे यावयाची ठरली. मला यात महत्त्व वाटते ते लांबीच्या बेरजेचे नव्हे. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून ग्रामपंचायतीच्या उंबरठ्यापर्यंत संपूर्ण मार्गाचा जाब एकाच दप्तराला विचारता यावा, ही गोष्ट प्रथमच शक्य कोटीतील झाली.

परंतु जाब विचारण्याजोगे दप्तर असले तरी दुरुस्तीला जाणारा माणूस हवा, आणि येथे मात्र मन साशंक होते. २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेनुसार बीएसएनएलच्या सुमारे ७८ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जानेवारी २०२० च्या अखेरीस, म्हणजे एकाच दिवशी, कंपनीचे जवळजवळ निम्मे मनुष्यबळ बाहेर पडले. वेतनाचा बोजा कमी झाला हे खरेच, आणि तो कमी होणे कंपनीच्या अस्तित्वासाठी निकडीचेही होते. पण कोणत्या ओढ्याखालून केबल गेली आहे, कोणत्या वळणावर जोड आहे, पावसाळ्यात पाणी कोठे शिरते, हे ज्यांना नकाशावाचून ठाऊक होते, असे कित्येक अनुभवी लाईनमन त्या लोंढ्यात निघून गेले. हे ज्ञान कोणत्याही ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवलेले नसते, म्हणूनच ते गमावल्याची किंमतही तेथे दिसत नाही.

दरम्यान, २०२१ मध्ये १६ राज्यांतील काम खाजगी भागीदारीतून करण्याचाही घाट घातला गेला. सरकारने तुटीची भरपाई देऊ करूनही निविदांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. या अनुभवानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला व त्याची सूत्रे बीएसएनएलकडे सोपवण्यात आली. त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार मांडणी आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेशवहन चालू राहावे. आणि कंत्राटदाराने जाळे उभारून निघून न जाता दहा वर्षे त्याची देखभाल करावी, अशी अटही आहे. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी गावातल्याच एखाद्या उद्योजकाने करावी आणि मिळकतीत वाटा घ्यावा, ही योजनाही मला फार आशादायक वाटते. कारण ज्याची तक्रार रोज चावडीवर होऊ शकते, तो माणूस दुरुस्ती लांबणीवर टाकीत नाही.

अर्थात तार पोहोचली म्हणजे विषमता संपली असे नव्हे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय आढळली, तर ग्रामीण कुटुंबांत ती जेमतेम १५ टक्क्यांकडे होती. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के, तर स्त्रियांचे अवघे ३३ टक्के भरले. एकाच घरात, एकाच छपराखाली असलेली ही दरी कोणतीही कंपनी विलीन करून बुजणारी नाही. तरीही तार हा तिचा पहिला उपाय आहेच. आज महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, त्याची ई-पीक पाहणी, रेशन दुकानातील अंगठ्याची खूण, हे सारे संपर्काच्या आधारावर चालते; जी सेवा ऐच्छिक म्हणून आली ती हळूहळू अनिवार्य झाली, आणि अनिवार्य सेवेसाठी टेकडीवर चढून रेंज शोधावयास लावणे हा नागरिकावरचा अन्याय आहे.

आपल्या राज्यापुरता एक प्रश्न याहून निराळा आहे. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह आठ राज्यांनी काम स्वतःच्या अंगावर घेतले, आणि येथे ‘महानेट’ या नावाने राज्याच्या कंपनीमार्फत ते झाले. त्यामुळे महाराष्ट्रात काही ग्रामपंचायतींची केबल केंद्राच्या जाळ्यातील तर काहींची राज्याच्या जाळ्यातील, अशी विभागणी पुन्हा उरलीच आहे. बीबीएनएलच्या विलीनीकरणाने जो एक दोष निस्तरावयाचा, तोच येथे दुसऱ्या वाटेने शिरला आहे. दोन्ही जाळ्यांची मालकी कोणाकडे राहावी हा सरकारांनी परस्परांत ठरवण्याचा विषय आहे; पण प्रत्येक पंचायत समितीत तक्रार घेणारी एकच खिडकी असावी, दुरुस्तीची मुदत तेथे लेखी लावलेली असावी, आणि मुदत उलटली तर त्याचा भार देखभालीच्या देयकातून वजा व्हावा, एवढे करण्यासाठी मालकीचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.